धनुबाईची पंगत

टेंबरीपाड्याच्या दोन वस्त्या आहेत. खालचा पाडा नाल्याच्या अंगाला, वरचा पाडा टेकडीवर. मधली चढण दहा मिनिटांची. डोक्यावर लाकडाची मोळी असेल तर पंधरा. ही चढण धनुबाई अठरा वर्षं चढली नव्हती आणि तिचा सख्खा भाऊ गोवाल ती उतरून एकदाही तिच्या अंगणात आला नव्हता.

मी धनुबाईला ओळखते ती अंगणवाडीमुळे. शहाद्याला राहून मी म्हसावदच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या वीसेक गावांतल्या अंगणवाड्या बघायचे. टेंबरीपाड्याच्या अंगणवाडीत धनुबाई मदतनीस होती. मुलांची खिचडी शिजवायची, लहानग्यांना घरोघरून गोळा करून आणायचं, दुपारी पुन्हा पोचवायचं. पहिल्यांदा भेटली तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती आणि तिला अक्षर येत नव्हतं. मी एकदा सहज म्हटलं, "धनुबाई, रोज ज्या पाकिटातून डाळ काढता, त्यावर डाळ असंच लिहिलंय. बघा तरी." तिने रिकामं पाकीट घरी नेलं. पुढच्या महिन्यात गेले तर तिला डाळ, तांदूळ, मीठ आणि हळद वाचता येत होतं. वर्षभरात ती वाचायला लागली. सावकाश, शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत. पण एकदा वाचलेलं कधी विसरायची नाही.

ती पावरा समाजातली. लहानपणी तिचे आईबाप दरसाल ऊसतोडीला खाली पुरुषोत्तमनगरच्या बाजूला यायचे. आई फडात कोयता चालवायची तेव्हा गोवाल धनुबाईच्या कडेवर असायचा. ती पाच वर्षांची, तो एक वर्षाचा. "तो आधी मला आई म्हणायला लागला," ती सांगायची. "खऱ्या आईला नंतर."

पुढे तिचं लग्न गावातच, खालच्या पाड्यात झालं. नवऱ्याबरोबर ती गुजरातेत ऊसतोडीला जायची. तिथे शेजारच्या खोपीत नवापूरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. ते रोज संध्याकाळी प्रार्थना करायचे, गाणी म्हणायचे. धनुबाई त्यांच्यात बसू लागली आणि दोन हंगामांनी गावी परतली ती येशूची होऊन. नवराही तिच्यामागे मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या समूहात, आला. हळूहळू खालच्या पाड्यातली अकरा घरं आली आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर उभं राहिलं. वरचा पाडा मात्र आपल्या देवांचाच राहिला, आणि त्या देवांचा पुजारा होता गोवाल. वाघदेवाला, गावदेवाला काय द्यायचं, कधी द्यायचं, हे तो सांगायचा. त्याच्या हातून दिल्याशिवाय पेरणी होत नसे.

दोघांचं बिनसलं ते आई वारली तेव्हा. आईच्या दिवसांच्या जेवणाला पूर्वजांचं नाव घेऊन बोकड दिला होता. गोवालने बहिणीचं पान स्वतः वाढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. धनुबाईला मंडळीत शिकवलेलं होतं, की दुसऱ्या देवांना दिलेलं खायचं नाही. तिने ते पान हाताने वीतभर पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मला चालत नाही."

गोवालने पान उचललं आणि तो आत गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

बऱ्याच वर्षांनी धनुबाईने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग काय, खायला हवं होतं?"

"खायचं नव्हतंच," ती म्हणाली. "पण आधी एकटीने जाऊन त्याला सांगायचं होतं. सगळ्या गावासमोर पान सरकवलं, ते चुकलं. आईचं जेवण होतं, मॅडम."

नवरा साप चावून गेला तेव्हाही गोवाल आला नाही. धनुबाईने एकुलत्या एका मुलीला, रिनाला, एकटीने वाढवलं. रिनाला सिकलसेल होता. सातपुड्यात हा आजार घराघरांत आहे. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग दुखून माणूस पिळवटून निघतो, रक्त सतत कमी पडतं. अशा मुलीचं बाळंतपण म्हणजे जिवावरचं. तरी रिनाने गोकुळशी लग्न केलं आणि तिला दिवस गेले. धनुबाईने नऊ महिने तिला वाकून पाण्याचा हंडाही उचलू दिला नाही.

श्रावणात रिनाला नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, धडधाकट. पण रिनाचं रक्त इतकं उतरलं की डॉक्टरांनी तातडीने रक्ताच्या पिशव्या मागितल्या. होत्या तेवढ्या लावल्या. अजून लागणार होत्या. गोकुळने दोन-चार जणांना फोन केले, बातमी गावभर झाली. मंडळीतले दोघे निघाले, पण नाल्याला पूर आल्यामुळे अलीकडेच अडकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी एक क्रूझर थांबली आणि तिच्यातून नऊ पुरुष उतरले. सगळे वरच्या पाड्याचे. पुढे गोवाल. त्यांना वरच्या रस्त्याने, धडगावकडून मोठा वळसा घालून यावं लागलं होतं. तपासणीत तिघांचं रक्त चाललं नाही, त्यांनाही सिकलसेलचा अंश निघाला. सहा जणांनी दिलं. पहिला गोवाल.

मी त्या दिवशी रिनाला भेटायला गेले होते. धनुबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली. मला बघून म्हणाली, "मॅडम, मन्हा भाऊ उना व्हता. रक्त दिसन गया. मले भेटना नही."

भाऊ आला, रक्त देऊन गेला, मला भेटला नाही. माझ्याशी ती अशी अहिराणीत बोलायची, कारण तिची पावरी मला येत नसे; तिचं बाकीचं बोलणं मी इथे मराठीत मांडलंय. एवढंच बोलली आणि पदराने तोंड झाकून रडली. त्याआधी आठ-दहा वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं.

रिना वाचली. पंधरा दिवसांनी ती बाळाला घेऊन चालत आपल्या दारात शिरली. बाळाचं नाव रुपा ठेवलं.

आता हे खरं तर इथेच संपायचं. चार लोक म्हणाले असते देवाची कृपा, आणि चढण तशीच मध्ये राहिली असती. पण त्या पावसाळ्यात प्रार्थनाघरातल्या बाया शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्यापासून ओळीने वाचत होत्या आणि वाचता वाचता प्राचीन इस्राएल लोकांच्या अर्पणांच्या नियमांपाशी आल्या होत्या. चरबी कुठली काढायची, काळीज कसं वेगळं करायचं, ऊर कुणाचा, मांडी कुणाची. बाकीच्या बाया जांभया देत होत्या. धनुबाई मात्र ताठ बसली. हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं. बोकड कसा सोलतात, कुठला वाटा बाजूला काढतात, हे तिला वाचून कळायची गरज नव्हती.

त्यातल्या एका अर्पणापाशी ती थांबली. त्याला शांत्यर्पण म्हणतात. दुखण्यातून उठलं, संकटातून सुटलं, की उपकार मानायला हे द्यायचं. यात जनावर सगळं जाळायचं नाही. चरबी देवाची, ऊर आणि मांडी याजकाची, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याची, आणि उरलेलं सगळं देणाऱ्याने आपल्या माणसांबरोबर देवासमोर बसून आनंदाने खायचं. आणि उपकाराचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही.

मी पुढच्या भेटीला गेले तर अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता तिने मला विचारलं, "मॅडम, त्या जुन्या लोकांच्या एका घरात किती माणसं असतील?"

"असतील दहा-बारा."

"दहा-बारा माणसं एक अख्खा बैल एका दिवसात संपवतील का?"

"नाही संपणार."

"मग?"

तिने पळी भांड्याच्या कडेवर ठेवली.

"मग शेजाऱ्यांना बोलवावंच लागणार," ती म्हणाली. "ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांनाही. नाही तर उरणार, आणि उरलेलं चालत नाही. देवाने मुद्दाम तसं सांगितलं, मॅडम. एकट्याने उपकार मानता येऊ नयेत म्हणून."

मी गुजर घरातली, मांस न खाणारी. मला बैल-बोकडाच्या नियमांचं काही देणंघेणं नव्हतं. पण घरी येईपर्यंत बसमध्ये तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

धनुबाईचा बेत ठरला. मार्गशीर्षात, ज्वारी घरात आली की एक दिवस देवाचे उपकार मानायचे आणि गाव जेवू घालायचं. खालचा पाडा आणि वरचा पाडा, सगळा. तिच्याकडे सात शेळ्या होत्या आणि दोन बोकड. दोन्ही बोकड त्या दिवसासाठी तिने राखून ठेवले.

पहिली हरकत घेतली पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी. उमाकांत हे नवापूरकडचे, पस्तिशीतले, दर रविवारी शहाद्याहून मोटारसायकलवर येणारे. मनाने चांगले, पण सावध.

"धनुमावशी, आपल्यात आता बळी द्यायचा नसतो," ते म्हणाले. "तो येशूने एकदाच दिला. तुम्ही बोकड अर्पण करता म्हणालात तर लोक गोंधळतील."

"मी वेदी कुठे मागते?" धनुबाई म्हणाली. "मी पंगत मागते. रक्त देवासमोर सांडायचं नाही. भात सांडेल तेवढाच."

"आणि सगळ्या गावाला जेवण म्हटलं की बाहेरचे म्हणतील, हे जेवायला घालून धर्म बदलतात. हल्ली कशावरून काय होईल सांगता येत नाही. आपल्या अकरा घरांपुरतं करू."

"अकरा घरांनी रिनाला रक्त दिलं नाही, पाळक. देणार होते, पण पुरात अडकले. दिलं ते वरच्यांनी." ती थोडी थांबली. "ज्यांच्यामुळे पोर जिवंत आहे त्यांना वगळून मी देवाला काय सांगू?"

उमाकांत जाताना म्हणाले, "मग गावच्या पोलीस पाटलाला आधी विचारा. लपून काही नको."

पोलीस पाटील गुलाबसिंग वरच्या पाड्याचे. धनुबाई थेट त्यांच्याकडे गेली, म्हणजे ती चढण चढली. अठरा वर्षांनी पहिल्यांदा. गुलाबसिंगांनी बाज टाकून तिला बसवलं, ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "जेवण झाल्यावर देव बदलायला सांगणार का?"

"गोवालने रक्त देताना मला माझा देव विचारला नाही," धनुबाई म्हणाली. "मी भात वाढताना त्याला त्याचा कसा विचारू?"

गुलाबसिंग म्हणाले, "मी येईन. बाकीच्यांना तू सांग. पण पुजारा आला नाही तर वरचं कुणी येणार नाही, हे तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. गुलाबसिंगांच्या घरापासून गोवालचं घर चार झोपड्या सोडून होतं. ती तशीच पुढे गेली.

गोवाल अंगणात टोपली विणत होता. त्याने मान वर केली, बहिणीला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हात चालूच राहिले. धनुबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. हे बोलणं नंतर तिने मला शब्दाशब्दाने सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे.

"आईचं पान मी सरकवलं," ती म्हणाली. "ते चुकलं. मला खाता येत नव्हतं, पण तसं करायला नको होतं."

टोपलीची एक कामटी मोडली. गोवालने दुसरी घेतली.

"तू रिनाला रक्त दिलंस. मी उपकाराची पंगत करते. तू ये."

"कुणाची पूजा?"

"माझ्या देवाची. पण कापताना कुणी काही जाळणार नाही, सांडणार नाही. गाणी होतील, मग जेवण." मग तिने त्याला ते इस्राएल लोक सांगितले. ते कसं जनावर द्यायचे, चरबी देवाला, ऊर-मांडी पुजाऱ्याला, बाकी सगळं लोकांत वाटून त्याच दिवशी संपवायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे.

गोवालचे हात थांबले. "मांडी पुजाऱ्याला?"

"हो. उजवी."

"आपल्यातही पुजाऱ्याला मांडीच देतात," तो म्हणाला. "कुठले म्हणालीस हे लोक?"

"लांबचे. फार जुने."

"तरी आपल्यासारखेच निघाले."

एवढंच. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. धनुबाई उठली आणि उतरून आली.

पंगतीचा दिवस शनिवार होता. सकाळी मी निघाले तेव्हा आमचे हे म्हणाले, "मटणनी पंगत शे ना? तू तठे काय खाशी?"

"डाळ-भात ऱ्हास ना," मी म्हटलं.

मी पोचले तेव्हा प्रार्थनाघरासमोरचं शेत साफ केलेलं होतं. तीन चुलाणं पेटली होती. मोठ्या भांड्यांतून भात, उडदाची डाळ. बोकड सकाळीच कापून झाले होते; एका बाजूला गोकुळ आणि मंडळीतले पुरुष मटण शिजवत होते. बाया पळसाची पानं टाचत होत्या, ढीग गुडघ्याएवढा झाला होता. रिना बाळाला मांडीवर घेऊन पान टाचणाऱ्यांत बसली होती. चेहरा उतरलेला असला तरी हसत होती.

दहा वाजता गाणी सुरू झाली. ढोल, टाळ, आणि पावरीतली त्यांची भजनं. मग धनुबाई उभी राहिली. तिने काही भाषण केलं नाही. रिनाला उभं केलं, बाळ हातात घेतलं, सगळ्यांना दिसेल असं उचललं आणि म्हणाली, "हिची आई मरायची होती, मेली नाही. देवाचे उपकार. सहा माणसांनी रक्त दिलं. त्यांचे उपकार." मग सहा नावं घेतली. एकेक, बापाच्या नावासकट. सहा जणांपैकी तिथे एकही नव्हता. गुलाबसिंग आले होते, त्यांच्यासोबत त्यांची बायको रंजनाबाई आणि वरच्या पाड्यातली दहा-बारा माणसं. बस.

धनुबाई बाळाला रिनाकडे देऊन माझ्याजवळ येऊन बसली. तिची नजर सारखी टेकडीवरच्या वाटेकडे होती. अकरा वाजले. साडेअकरा. भात झाकून ठेवला. उमाकांत हळूच म्हणाले, "मावशी, सुरुवात करू या का?"

"जरा थांबू," ती म्हणाली.

पुन्हा अर्धा तास गेला. मुलं भुकेने कुरकुरायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

आणि मग ढोल ऐकू आला. आमचा नव्हे. आमचा ढोल लहान, प्रार्थनाघराचा. हा मोठा, सणाला काढतात तो. त्याचा आवाज छातीत उमटतो. मागोमाग मांदल, आणि फुंकून वाजवायच्या पावरीचा लांब सूर. टेकडीच्या वळणावर माणसं दिसली. दहा-वीस नव्हती, सगळी वाट भरून येत होती. पुरुष, बाया, पाठीशी बांधलेली पोरं, म्हातारी-कोतारी. बायांनी चांदीचे दागिने घातले होते, जसे सणाला घालतात. आणि सर्वांत पुढे गोवाल, डोक्याला पांढरं फडकं, हातात एका बोकडाची दोरी.

तो थेट धनुबाईसमोर येऊन थांबला. ढोल थांबला.

"हा माझ्या गोठ्यातला," गोवाल म्हणाला. "हा कुठल्या देवाला दाखवलेला नाही. पूर्वजांना नाही. याच्यावर मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. पुजारा असून घेतलेलं नाही." त्याने दोरी पुढे केली. "हा तुला चालेल का?"

धनुबाईने दोरी घेतली, आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला आणि तो सोडलाच नाही. शेवटी म्हणाली, "चालेल. चालेल रे, गोवाल."

वरच्या पाड्याच्या बाया टोपल्या उतरवू लागल्या. कुणी ज्वारीचं पीठ आणलं होतं, कुणी उडीद, कुणी भोपळे, कुणी कांदे. उशीर झाला होता तो यामुळे. प्रत्येक घराने काही ना काही घेऊन यायचं असं गोवालने ठरवलं होतं. चौथं चुलाण पेटलं. तिसरा बोकड तिथेच कापला. भाकरी थापायला दोन्ही पाड्यांच्या बाया एका रांगेत बसल्या. कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं, मला तरी.

उदेसिंग नावाचे एक म्हातारे होते वरच्या पाड्याचे, ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी अधू. त्यांची एकच तक्रार. "सगळं आहे, मोहाची तेवढी नाही," ते प्रत्येकाला सांगत होते. "बिनमोहाचा सण मी जन्मात पाहिला नाही." मंडळीत दारू चालत नाही. धनुबाईने त्यांच्या हातात गुळाच्या गरम पाण्याचा मोठा पेला दिला. त्यांनी चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि दुसरा पेला मागितला.

पानं मांडली. पहिल्या रांगेत सहा रक्त देणारे आणि ज्यांचं रक्त चाललं नव्हतं ते तिघेही. धनुबाईने स्वतः वाढलं. उमाकांतांनी प्रार्थना केली, छोटीशी. त्यांचा आमेन झाल्यावर गोवालने पानातला पहिला घास उचलला, कपाळाला लावला आणि जमिनीवर ठेवला, पूर्वजांसाठी. ओठ हलले.

उमाकांतांनी ते पाहिलं. मंडळीतल्या इतरांनीही पाहिलं. एकाने धनुबाईकडे बघून भुवई उंचावली. मी तिच्यामागेच डाळीची बादली घेऊन उभी होते. ती न थबकता पुढच्या पानाकडे सरकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाली, "पान वाढेपर्यंत माझं. वाढलं की पाहुण्याचं."

उमाकांतांनी शेजारच्या बाईच्या हातातली भाताची पाटी घेतली आणि गोवालच्या पानावर आणखी भात घातला.

सगळ्यांचं झाल्यावर धनुबाई जेवायला बसली. गोवालने आणलेल्या बोकडाचं मटण एका वाडग्यात बाजूला काढलेलं होतं, तेच तिने घेतलं. गोवाल समोर उकिडवा बसून ती खाते ते बघत होता. ती खात होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी डाळ-भात खाल्ला, उडदाच्या डाळीत मिरची इतकी की माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. कारण विचारायला कुणाला सवड नव्हती.

सहाशेच्या वर पानं उठली. दुपार कलली तेव्हा भांडी तळाला लागली होती. जे थोडं उरलं ते म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या घरी डब्यांतून गेलं. अंथरुणाला खिळलेल्या एका बाळंतिणीला आणि दोन म्हाताऱ्यांना गुलाबसिंग स्वतः देऊन आले. खरकटं पाणी तेवढं कुत्र्यांना राहिलं.

मग मोठा ढोल पुन्हा वाजला. दोन्ही पाड्यांचे पुरुष गोल धरून उभे राहिले. बाया आडव्या रांगेत, एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफून, पुढे दोन पावलं, मागे एक. प्रार्थनाघराचा लहान ढोल मोठ्या ढोलाच्या जोडीला उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्यांचा ठेका जुळला. धनुबाई रांगेच्या मधोमध होती. तिच्या एका बाजूला गोवालची बायको, दुसऱ्या बाजूला रिना, थोडा वेळच, मग धाप लागली म्हणून तिने मला तिच्या जागी ढकललं. मला तो नाच येत नव्हता. आयुष्यात मी गरब्याशिवाय काही केलेलं नव्हतं. दोन्हीकडून हात आले आणि पावलं आपोआप पडू लागली. मी छप्पन्न वर्षांची, गुडघे दुखणारी, शहाद्याची बाई, ऊन उतरेपर्यंत नाचले.

उमाकांत एका बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी दमून त्यांच्याजवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मी शास्त्र बारा वर्षं शिकवतो. शांत्यर्पणावर तीनदा बोललोय. हे मला माहीत नव्हतं."

गोवाल पुजाराच राहिला, धनुबाई मंडळीतच राहिली. कुणी कुणाचा देव बदलला नाही. पण माघात वरच्या पाड्यात इंदल होता. नवस फेडायला कळम झाडाची फांदी रोवतात, गाव जमतं, तो सण. त्याच्या आठ दिवस आधी गोवाल खाली आला, धनुबाईच्या अंगणात बसला, रुपाला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "पूजेतलं तू खाणार नाहीस, ते ठाऊक आहे. तुझ्यासाठी पूजेआधीच वेगळं शिजवू. पण दळायला आणि गायला माणसं कमी आहेत." धनुबाई मंडळीतल्या सात बायांना घेऊन गेली. उमाकांतांना तिने आधीच सांगितलं होतं, आणि ते एवढंच म्हणाले होते, की परतताना उशीर झाला तर कुणाला तरी सोबतीला घ्या.

मी आता निवृत्त झाले आहे. परवा तिचा फोन आला, घाईत होती. यंदाची पंगत उदेसिंगांकडे आहे म्हणाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांना पंचवीस वर्षांनी समोरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसू लागला, आणि आता त्यांना उपकार मानायचे आहेत. ते काठी टेकत स्वतः खाली आले आणि त्यांनी तिला विचारलं, की ते तुमचे जुने लोक डोळ्यांसाठी काय द्यायचे.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, घरात असेल ते द्या. फक्त एकट्याने खाऊ नका," धनुबाई म्हणाली. "मॅडम, शनिवारी या. आणि गुडघ्याला तेल लावून या."